मामांची डायना उघडताना

गेल्या वर्षी आषाढात मामींनी माळा आवरायला काढला, तेव्हा गोणपाटात गुंडाळून ठेवलेली मामांची छर्र्याची बंदूक खाली आली. ‘‘तुला असल्या उघडझापीचा नाद आहे, तूच घेऊन जा, इथे नुसती गंजून जाईल,’’ असे म्हणून त्यांनी ती माझ्या गाडीत ठेवूनही दिली. मामांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती आणि त्याआधीची निदान वीस वर्षे त्या बंदुकीतून छर्रा सुटलेला नव्हता. लहानपणी गगनबावड्याच्या रस्त्याला असलेल्या त्यांच्या मळ्यात, उसाच्या बांधावर रिकामे डबे मांडून आम्ही भाचरे तिच्यावर नेम धरायला शिकलो. डबे संपले की मामा बंदूक काढून घेत, कारण होल्यांवर आणि पारव्यांवर छर्रे झाडणाऱ्या पोरांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर सिलिंडरवरचा ठसा हळूहळू दिसू लागला: धनुष्यबाण पायाशी टाकून देऊन बंदूक डोक्यावर उंच धरलेली डायना, म्हणजे शिकारीची रोमन देवता. जर्मनीतल्या राश्टाट गावात १८९० साली स्थापन झालेल्या मायर आणि ग्रामेलस्पाखर या कारखान्याचे हे बोधचिन्ह आपल्याकडे इतके परिचित झाले, की जुन्या पिढीतली माणसे कुठल्याही छर्र्याच्या बंदुकीला सरसकट ‘डायना’ म्हणत. आमची खरोखरच डायना आहे, मॉडेल २७. हेच मॉडेल अमेरिकेत विंचेस्टर ४२७ या नावाने विकले जाई. सिलिंडरच्या मागच्या टोकाला डाव्या अंगाला, नखाएवढ्या जागेत ०४ ७१ असे बारीक आकडे ठोकलेले आहेत, म्हणजे ती १९७१ च्या एप्रिलमध्ये घडलेली आहे. मामांनी ती मुंबईत बोटीवर काम करणाऱ्या एका स्नेह्याकडून घेतली होती, एवढेच घरात सर्वांना ठाऊक आहे.

तिची प्रकृती मात्र नाजूक होती. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, स्प्रिंग ताणताना सुरुवातीला हात सहज जाई, पण शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात दगडाला अडल्यासारखे होई आणि मगच चाप अडके. झाडल्यावर ‘टप्’ असा कोरडा आवाज येण्याऐवजी पितळी परात पडावी तसा ठणठणाट बराच वेळ कानात घुमे. छर्रा दहा मीटरवरच्या पुठ्ठ्यात अर्धवट रुतून बसे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसळे यांच्यामुळे आमच्या कोल्हापुरात नेमबाजीचे वेड बऱ्यापैकी आहे, त्यामुळे क्लबात जाणाऱ्या एका मित्राकडून वेग मोजण्याचे यंत्र दोन दिवसांसाठी मिळाले. ०.५२ ग्रॅमचे दहा छर्रे झाडले. सरासरी वेग सेकंदाला ११८ मीटर भरला, आणि सर्वांत मंद छर्रा १०१ तर सर्वांत वेगवान १३३ मीटरचा निघाला. ऊर्जेच्या हिशेबात ही सरासरी ३.६ जूल होते. मला सरासरीपेक्षा त्या बत्तीस मीटरच्या फरकाची चिंता अधिक वाटली, कारण मंद बंदुकीनेही नेम साधता येतो, पण दर वेळी वेगळे वागणाऱ्या बंदुकीने कधीच साधत नाही.

ज्याला दाखवावी त्याचे निदान एकच: ‘‘स्प्रिंग बसली आहे, जरा जोरदार स्प्रिंग टाक.’’ हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, की तो चुकीचा असेल असे पटकन वाटत नाही. परंतु या बंदुकीत स्प्रिंग छर्र्याला ढकलतच नाही. ती दट्ट्याला ढकलते, दट्ट्या पुढची हवा दाबतो आणि त्या दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा निघतो. हा सारा व्यवहार काही हजारांश सेकंदांत उरकत असल्यामुळे हवेला थंड व्हायला वेळ मिळत नाही; सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना गरम होते, त्याचाच हा फार मोठा अवतार. दट्ट्या जवळजवळ शेवटाला पोचेपर्यंत छर्रा आपल्या जागेवरून हललेलाही नसतो, म्हणून दट्ट्याच्या तोंडाशी असलेली चामड्याची वाटी किंवा नळी आणि सिलिंडर यांच्या सांध्यातली चकती हवा सोडत असेल, तर मागे कितीही दणकट स्प्रिंग असली तरी तिचा जोर त्या फटीतून निघून जातो. ज्यांनी घरात वातीचा नव्हे, पंपाचा स्टोव्ह वापरला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पंप ढिला पडला की आपण दांडा नवा आणत नसू, आतला चामड्याचा वायसर तेलात भिजवत असू.

वंगणाचाही यात एक वाटा आहे. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेलाची वाफ पेटते, आणि तेल जास्त झाले तर डिझेल इंजिनासारखा स्फोट होऊन नळीतून धूर येतो. इंग्लंडमध्ये कार्ड्यू पितापुत्रांनी स्प्रिंगची रायफल हवेऐवजी नायट्रोजन वायूत झाडून पाहिली, तेव्हा छर्र्याचा वेग चांगलाच घसरला. म्हणजे ठणठणीत रायफलमध्येसुद्धा वंगणाचा सूक्ष्म अंश दर वेळी जळत असतो. आमच्या बंदुकीत बहुधा उलटेच झाले होते, कारण तिथे जळायला काही उरलेच नव्हते.

काम सुरू करण्यापूर्वी कायद्याबाबत एक गोष्ट सांगून टाकतो, कारण मामींनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. हे मॉडेल नवे असतानाही त्या मर्यादेच्या निम्म्याच्या आत असे, तेव्हा त्यांची काळजी तिथेच मिटली.

माझी काळजी वेगळी होती. बंदूक रिकामी असली आणि स्प्रिंग ताणलेली नसली, तरी आत बसवलेली स्प्रिंग मोकळी नसते. ती दोन-अडीच इंच दाबूनच बसवलेली असते. मागच्या दोन आडव्या पिना काढल्या की तो दाब मागच्या दिशेने, म्हणजे नेमका काम करणाऱ्याच्या छातीच्या किंवा तोंडाच्या दिशेने सुटायला मोकळा होतो. पोटाशी बंदूक धरून आणि तळहाताने मागचा भाग दाबून हे काम करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे दात शाबूत आहेत ही केवळ दैवकृपा होय. मी सुताराकडून चार फुटी सॅश क्लॅम्प आणला, त्याच्या दोन्ही जबड्यांना सागाचे ठोकळे लावले, पुढच्या ठोकळ्याला नळीच्या सांध्याचा आधार मिळेल अशी खोबण पाडली आणि सगळे जुगाड जाड फळीवर स्क्रूने घट्ट बसवले. डोळ्यांना वेल्डिंगवाल्यांचा पांढरा चश्मा लावला. या तयारीत एक रविवार गेला आणि बंदूक त्या दिवशी उघडलीच नाही.

पुढच्या रविवारी दस्ता काढला. पुढच्या बाजूचे दोन आणि चापाच्या कडीचा एक, असे तीन स्क्रू सोडवले की लाकूड वेगळे होते. स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल असा ड्रायव्हर मी कानशीवर घासून तयार केला होता, कारण जुन्या बंदुकीचा इतिहास तिच्या स्क्रूंच्या डोक्यांवर वाचता येतो आणि इथे तो फारसा चांगला नव्हता. चापाच्या कडीच्या स्क्रूची खाच कोणीतरी पार कुरतडून टाकली होती. ही बंदूक आधी एकदा उघडली गेली आहे, हे मला तेव्हाच उमगले.

क्लॅम्पचा पेच आवळून मागचा भाग केसभर आत ढकलला आणि पिनांवरचा भार उतरला. सुंभ्याने हलकेच टोले देताच त्या निघाल्या. मग पेच पाव-पाव फेऱ्याने सैल करत गेलो आणि स्प्रिंग सरपटत बाहेर येऊ लागली. दोन इंच झाले, अडीच झाले, तीन झाले, तरी पेचावरचा ताण संपेना. साडेचार इंचांवर ती एकदाची मोकळी झाली तेव्हा माझ्या कपाळावर घाम होता. ठरलेल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट लांबीने दाबून बसवलेली ही स्प्रिंग मूळची नव्हे, हे सांगायला मापपट्टीचीही गरज नव्हती. तरी व्हर्निअरने मोजले: तार ३.५ मिलिमीटर जाडीची आणि वेटोळी ३६. दोहोंचा गुणाकार १२६ मिलिमीटर होतो, म्हणजे सगळी वेटोळी एकमेकांना भिडली की तिची लांबी याहून कमी होऊ शकत नाही. बंदूक ताणल्यावर स्प्रिंगसाठी उरणारी जागा मी सिलिंडरमध्ये पट्टी घालून मोजली, तर ती याहून जेमतेम दीड मिलिमीटर अधिक होती. शेवटच्या दोन बोटांतला ‘दगड’ हाच होता. स्प्रिंग टेबलावर उभी केली तर ती एका अंगाला कलली, कारण एक टोक कापून तसेच ठेवले होते, सपाट घासण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. ते टोक दट्ट्याच्या आतल्या भिंतीला घासत होते आणि तिथे बोटाला लागेल असा चर पडला होता.

मामींना फोन केला तेव्हा उलगडा झाला. साधारण १९९० च्या आसपास मामांनी बंदूक ‘जोर वाढवून’ घेण्यासाठी एका दुकानात दिली होती, आणि परत आल्यावर ‘‘आता ती माझी राहिली नाही,’’ असे म्हणून हळूहळू वापरणेच सोडून दिले होते. मला इतकी वर्षे वाटत आले होते, की वयामुळे त्यांच्या हातातली ताकद गेली म्हणून बंदूक माळ्यावर गेली.

या मॉडेलची खरी शोभा म्हणजे तिचा चाप. साध्या बंदुकीत दट्ट्याच्या खाचेत एक आकडी अडकते आणि स्प्रिंगचा सगळा भार त्या आकडीच्या एका धारेवर येतो, त्यामुळे चाप ओढायला जड आणि खडबडीत लागतो. इथे दट्ट्याच्या मागे एक दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाजवळ गोल फिरलेली खाच. हा दांडा एका छोट्या पेल्यात शिरतो. पेल्याच्या भिंतीला तीन भोके आणि प्रत्येक भोकात एक पोलादी गोळी, सायकलवाला जिला छर्रा म्हणतो तशी. पेल्याभोवती दुसरे नळकांडे सरकते. ते आपल्या जागी असले की गोळ्या आत दाबल्या जाऊन दांड्याच्या खाचेत बसतात आणि दांडा अडकतो; चाप ओढला की नळकांडे सरकून गोळ्यांना बाहेर व्हायला वाव मिळतो आणि दांडा सुटतो. भार तीन ठिकाणी वाटला जातो आणि बोटाला फक्त नळकांडे सरकवण्यापुरतेच काम उरते. अर्ध्या शतकापूर्वी मध्यम किमतीच्या बंदुकीत इतका विचार कोणी केला असेल, याचे मला ते तीन तुकडे हातात घेऊन बराच वेळ कौतुक वाटत राहिले. त्या कौतुकात एक गोळी टेबलावरून घरंगळली आणि फरशीवर तीनदा टणटण करून नाहीशी झाली. तासाभराने, जुन्या स्पीकरचे चुंबक सुतळीला बांधून कपाटाखाली फिरवल्यावर ती एका केसांच्या पिनेसोबत चिकटून आली. तेव्हापासून असले काम मी कडा असलेल्या स्टीलच्या ताटात करतो.

स्प्रिंग आणि चाप निघाल्यावर नळीच्या बिजागरीचा बोल्ट सोडवला, ताणायच्या दांडीचे टोक खाचेतून मोकळे केले आणि दट्ट्या मागच्या तोंडातून ओढून काढला. त्याच्या तोंडाशी असलेली चामड्याची वाटी वाळक्या बोरासारखी आक्रसली होती. नखाने दाबताच तिचा काठ तपकिरी भुकटी होऊन खाली पडला. सिलिंडरमध्ये जुने ग्रीस मधाच्या वाळलेल्या पोळ्यासारखे घट्ट झाले होते. ते काढायला रॉकेल, लांब दांड्याचा ब्रश आणि फाटलेला सुती बनियन असा ऐवज तीन दिवस लागला. आतून तो स्वच्छ झाल्यावर टॉर्च टाकून पाहिले, तर वाटी जिथे फिरते तो भाग आरशासारखा निघाला. चर पडला होता तो फक्त दट्ट्याच्या आतल्या बाजूला, आणि तो बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करण्याइतपतच होता.

नवी वाटी मी विकत आणू शकलो असतो, पण कोल्हापुरात राहून चामड्यासाठी बाहेर पाहायचे हे मला पटेना. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिच्या नक्षीची आणि वेणीची पुष्कळ चर्चा झाली. माझ्या कामाची गोष्ट मात्र तिचे चामडे ही होती. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले हे चामडे पाण्यात भिजवले की मऊ होते, साच्यात दाबले की तो आकार घेते आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, पिशव्या-पाकिटांचे चामडे असे वागत नाही. ते कितीही दाबले तरी पुन्हा सपाट होऊ पाहते. चपला करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिरांनी तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा दिला आणि वर बजावले, ‘‘पाठीच्या भागाचं हाय, पोटाच्या भागाचं घेऊ नगा, ते ताणतंय.’’ शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून मी सिलिंडरच्या आतल्या व्यासाची एक कडी आणि तिच्यात चामड्याच्या जाडीची फट ठेवून बसणारा एक ठोकळा कातून घेतला. एवढ्या किरकोळ कामाला तो हसला, पण पैसे त्याने घेतले नाहीत.

भिजवलेली गोल चकती कडीवर ठेवायची, ठोकळा वर ठेवून शेगड्यात (व्हाइसमध्ये) हळूहळू दाबायची आणि दोन दिवस तशीच वाळू द्यायची. निघालेल्या वाटीचा काठ ब्लेडने सारखा करून ती रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवली. स्टोव्हच्या वायसरला आपण खोबरेल लावत असू, पण खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजते, आणि पौषातल्या पहाटे आमच्याकडे पारा त्याच्या बराच खाली जातो, म्हणून तो मोह टाळला.

पहिली वाटी दट्ट्यावर स्क्रूने बसवून सिलिंडरमध्ये ढकलली आणि तिथेच घात झाला. ताणायच्या दांडीसाठी सिलिंडरला खालून लांब खाच असते. दट्ट्या आत जाताना वाटीला त्या खाचेवरून सरकावे लागते, आणि खाचेच्या कडा कारखान्यातून आल्यापासून तशाच धारदार होत्या. वाटीच्या काठाचा नारळाच्या किसासारखा पातळ काप निघून माझ्या बोटांवर आला. चार दिवसांचे काम चार सेकंदांत वाया गेले. दुसरी वाटी करण्यापूर्वी खाचेच्या आतल्या कडा गोल दांड्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने मोडून काढल्या, बोट फिरवून कुठे अडत नाही ना ते पाहिले, आणि दट्ट्या घालताना खाचेवरून एक्स-रे फिल्मची पट्टी आडवी धरली. या वेळी वाटी तेलात बुडालेल्या बोटासारखी सरकत गेली. नळी आणि सिलिंडर यांच्यामधली चकतीही उरलेल्या चामड्यातून कापली. ती सांध्याच्या पातळीपेक्षा किंचित वर राहावी लागते, म्हणून तिच्याखाली पातळ कागदाची एक गोल चकती घातली.

स्प्रिंगसाठी मात्र थांबावे लागले. माझी भाची स्टुटगार्टला नोकरी करते; तिच्याकडून या मॉडेलच्या मूळ मापाची स्प्रिंग मागवली, आणि दिवाळीला येताना भाची बॅगेत चकलीच्या सोऱ्यासोबत ती घेऊन आली. दोन्ही स्प्रिंगा शेजारी ठेवल्यावर मामींनी जाड तारेची, लांब अशी जुनीच स्प्रिंग उचलून म्हटले, ‘‘हीच चांगली दिसते की!’’ दुकानदाराने मामांना हेच म्हटले असणार. नवीची दोन्ही टोके सपाट घासलेली होती, तरी मी ती काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर आणखी गुळगुळीत केली, कारण दाबली जाताना स्प्रिंग थोडी पिळतेही आणि खडबडीत टोक त्या पिळाला अडवते.

वंगणात हात आखडताच ठेवला. दट्ट्याच्या मागच्या भागाला आणि जिथे लोखंड लोखंडावर घासते तिथे काळ्या मोली ग्रीसचा बोटाच्या पुसट ठशाएवढा थर. स्प्रिंगला चिकट, जाड ग्रीस, पण तेही आतून दिसेल न दिसेल इतपत. वाटीच्या पुढे काहीही नाही. ग्रीस जितके जास्त तितके बरे, ही समजूत बैलगाडीच्या आसाला ठीक आहे.

जोडणी म्हणजे उघडण्याची उलटी वाट असे म्हणतात, पण त्या तीन गोळ्यांना ते मान्य नसते. त्या पेल्याच्या भोकांत ग्रीसने चिकटवून ठेवायच्या, त्यावरून नळकांडे सरकवायचे, ते सगळे हातात न हलवता क्लॅम्पमध्ये धरायचे आणि मग स्प्रिंग दाबत पिनांची भोके समोरासमोर आणायची. माझ्याकडून पहिल्या दोन खेपांना एक गोळी आत घसरली आणि पुन्हा सगळे सोडवावे लागले. तिसऱ्या खेपेला भोकातून पलीकडचा उजेड दिसला, पहिली पीन नुसत्या अंगठ्याने आत गेली, आणि या वेळी क्लॅम्पचा पेच अडीच इंचांहून अधिक फिरवावा लागला नव्हता.

दस्ता लावण्यापूर्वी चाप धरतो की नाही ते पाहणे आवश्यक असते, आणि इथेच लोक बोटे गमावतात. नळी मोडलेली असताना चाप ओढला गेला तर नळी जोराने मिटते. मध्ये बोट असेल तर ते तुटते आणि नसेल तर नळी वर वाकते किंवा दस्ता तडकतो. नळी एका हाताने घट्ट धरूनच ठेवायची आणि बिजागरीच्या आसपास बोट न्यायचे नाही. मी पंधरा वेळा ताणून, नळी धरून, हळूच सोडून पाहिले. ‘दगड’ गेला होता. शेवटी नुसता ‘क्लिक’ असा आवाज येई, मामांच्या मळ्यात ऐकलेला.

गच्चीवर जुन्या पोत्यात चिंध्या ठासून त्यापुढे लाकडी फळी उभी केली आणि पहिला छर्रा झाडला. धूर आला आणि आवाजही मोठा झाला, कारण वाटीने शोषलेले जादा तेल पेटत होते. तीस-चाळीस छर्र्यांनंतर धूर थांबला आणि आवाज उतरून जाड पुस्तक मिटल्यासारखा झाला. नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून झाडले. ती हलली नाही, म्हणजे सांधा हवा सोडत नव्हता. शंभर छर्र्यांनंतर मित्राचे यंत्र पुन्हा आणले. सरासरी सेकंदाला १६१ मीटर आणि दहा छर्र्यांतला फरक फक्त पाच मीटर. ऊर्जा ६.७ जूल. कमी लांबीच्या, पातळ तारेच्या स्प्रिंगने जवळजवळ दुप्पट काम केले होते आणि ताणायला ती निम्म्या कष्टाची होती.

नेमाच्या बाबतीत मात्र मी आधी निराश झालो, कारण छर्रे ताटलीएवढ्या जागेत विखुरले. दोष माझ्या हातांचा होता. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का दोनदा बसतो: दट्ट्या पुढे निघतो तेव्हा बंदूक मागे येते आणि दट्ट्या थांबतो तेव्हा पुढे हिसका खाते, आणि हे सारे छर्रा नळीत असतानाच घडते. या हालचालीवर मात करण्यासाठी जर्मन कारखान्यांनी स्पर्धेच्या रायफलींत काय काय केले, ते पाहिले तर थक्क व्हायला होते; फाइनवेर्कबाउ ३०० मध्ये अख्खी यंत्रणा दस्त्यावर मागे सरकू दिली आहे, तर डायनाच्याच काही मॉडेलांत एकमेकांच्या विरुद्ध दिशांना धावणारे दोन दट्ट्ये बसवून धक्का जागच्या जागी मारला आहे. साध्या २७ मध्ये असे काही नाही. तिला आवळून धरायचे नाही, एवढाच उपाय. पुढचा हात नुसता तळव्यासारखा खाली ठेवून, दस्ता खांद्याला जेमतेम टेकवून झाडल्यावर पाच छर्रे दहा मीटरवर पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले.

दस्त्याचे स्क्रू या हिसक्यांनी ढिले होतात, म्हणून त्यांच्या डोक्यांवर आणि लाकडावर मिळून मी नखांना लावायच्या रंगाने एक बारीक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे कळते. चापाच्या कडीचा तो कुरतडलेला स्क्रू मी बदललेला नाही. चामड्याला महिन्यातून एकदा सिलिंडरमधली हवा नळीत जाण्याच्या भोकातून तेलाचे दोन थेंब लागतात आणि मग बंदूक नळी वर करून रात्रभर उभी ठेवावी लागते, म्हणून ती आता मामींच्याच घरी, दाराआडच्या कोपऱ्यात, त्यांच्या शिलाई मशीनजवळ असते. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा मशीनच्या तेलाची बाटली संपलेली होती. ‘‘दोनच थेंब म्हणाला होतास ना?’’ त्यांनी विचारले. मग त्या दिवशी गच्चीवर पुन्हा बराच वेळ धूर निघाला.